कूलर बंद कोणी केला

भीतीची मला भारी हौस, पण ती दुसऱ्याच्या घरची. ऑफिसात डबा उघडला की एका हातात पोळी अन् दुसऱ्या हातात मोबाइल. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली एकेक विचित्र पानं शोधून वाचायची मला सवयच लागली होती. भर समुद्रात सापडलेलं जहाज अन् त्यावर माणूस एकही नाही. किनाऱ्यावर मिळालेला मृतदेह, त्याचं नाव शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. बाजूच्या टेबलावरची बाई म्हणायची, जेवताना हे असलं तुझ्या घशाखाली उतरतं तरी कसं. मी हसायची. समुद्र कुठे अन् अमरावती कुठे, आपल्याला काय त्याचं!

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला माझे बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला अन् आईला मी माझ्याकडे घेऊन आले. तशी ती इथे रमली. सकाळी विहारात वंदनेला जायची, माझ्या पोरीची वेणी घालायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. फक्त झोपायची नाही. सुटीच्या दुपारी सारी गल्ली दारं लावून घोरत असायची अन् ही आपली भिंतीला टेकून, डोळे टक्क उघडे. विचारलं तर म्हणायची, झाली माझी झोप. केव्हा झाली, देव जाणे.

त्यातच आमचा कूलर दगा देऊ लागला. सुरू करून झोपावं अन् घामाने चिंब होऊन उठावं, तर हा बंद. नवरा म्हणाला, लाईट गेली असेल. मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने मोटर पाहिली, पंप पाहिला, काही दोष नाही म्हणाला. मी त्यालाच चार शब्द सुनावले. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

अन् एका दुपारी डबा खाताना मी ते पान उघडलं. एक आजार होता, फार थोड्या घराण्यांत असलेला. उतारवयाकडे झुकलेल्या माणसाची झोप एकाएकी उडते अन् पुन्हा येतच नाही. अंगाला सारखा घाम येतो, वजन उतरतं. झोपेच्या गोळ्या लागू पडत नाहीत. पुढे बोलणं अडखळतं, तोल जातो, मग माणूस जातो. औषध नाही. आईला असेल तर लेकराला असण्याची शक्यता निम्मी.

घास तोंडातच राहिला. आईचं पोलकं सदा घामाने ओलं, हाताच्या बांगड्या ढिल्या झालेल्या. अन् तेल्हाऱ्याची आजी, म्हणजे आईची आई, शेवटी शेवटी रात्रंदिवस बाजेवर बसूनच असायची. हे मी लहानपणी स्वतः पाहिलेलं. आजी, मग आई, मग मी, मग माझी पोरगी. उरलेला डबा मी तसाच झाकून ठेवला.

त्या दिवसापासून मी आईकडे आई म्हणून पाहिलंच नाही. चहाचा कप धरताना तिचा हात थरथरतो का, उंबरा ओलांडताना पाय अडतो का, एवढंच पाहायची. ती एखादा शब्द विसरली की मी तारीख लिहून ठेवायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आधी तो मोबाइल फेक. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही, पण असं म्हणून भीती जाते थोडीच? आईला डॉक्टरकडे नेलं. त्या आजाराचं नाव माझ्या तोंडून निघेना. झोप येत नाही एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठवडा गेला अन् आई तशीच, डोळे टक्क. गोळ्या लागू पडल्या नव्हत्या. अगदी त्या पानावर होतं तसंच. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मग एका रविवारी दुपारी मी ठरवलं, झोपेचं सोंग घ्यायचं अन् ती करते काय ते पाहायचं. नवरा बाहेर गेलेला, पोरगी माझ्या शेजारी गाढ झोपलेली. कूलर घरघरत होता. थोड्या वेळाने आई उठली, दबक्या पावलांनी गेली अन् कूलरचं बटन बंद केलं. घर एकदम सामसूम झालं. ती पोरीजवळ उकिडवी बसली, वाकली अन् कान तिच्या तोंडाशी नेला. मग माझ्याकडे वळली. तिचा श्वास माझ्या गालाला लागला. त्या क्षणी मला माझ्या आईची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी ताडकन उठून बसले.

"माय, काय करून राहिली तू?"

ती दचकली नाही. "श्वास ऐकून राहिले," म्हणाली.

मग खाली मान घालून तिने सांगितलं. त्या दुपारी अकोल्याला बाबा कूलरसमोर झोपले होते अन् ती शेजारीच गहू निवडत बसली होती. गहू निवडून झाले, डब्यात भरून झाले, चहा ठेवून झाला. चहाला उठवायला गेली तेव्हा बाबांचा हात गार होता.

"तुहे बाबा हातभर अंतरावर गेले. हाक मारली असंन त्यायनं. त्या कूलरच्या आवाजात मले काईच ऐकू आलं नाई."

अन् गोळ्या? गोळ्या ती घेतच नव्हती. झोप लागली तर ऐकणार कोण, असं तिनेच मला विचारलं. आजीचंही मी विचारलं. आजीला दमा होता, आडवं झालं की धाप लागायची.

ते पान माझ्या डोक्यातून गेलं. मला हसू यायला हवं होतं, पण बाबांचा गार हात समोर आला अन् मी आईला पोटाशी धरलं. तिला म्हटलं, "तू झोप. आता पाळी माही."

ती आडवी झाली. आधी डोळे उघडेच होते, मग मिटले, मग घोरू लागली. कूलर मी सुरू केला नाही. घाम पुसत, भिंतीला टेकून बसले. माझ्या दोन्ही बाजूंना दोन श्वास चालले होते अन् मी दोन्ही ऐकत होते. मधेच आईचं घोरणं थांबलं. मी वाट पाहिली. काहीच नाही. वाकून तिच्या नाकाशी हात धरला.

"जितीच हाओ मी," डोळे न उघडता ती म्हणाली. "झोपू दे नं."

मी हात लगेच काढला नाही.