पाखरांना बांध दिसत न्हाई

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात आमच्या पेराबाई आहारतज्ज्ञ होत्या. बाकीचे आहारतज्ज्ञ पेशंटला विचारतात, "काय खाता?" बाई विचारत, "पेरलं काय?" नवा पेशंट आपण चुकून बी-बियाणाच्या दुकानात शिरलो की काय म्हणून उठून दारावरची पाटी वाचून येई. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला साखर नुकतीच निघाली होती आणि मी अतिशय शास्त्रशुद्ध जगत होतो. म्हणजे पुण्याहून मुलगा ओट्स पाठवी आणि मी ते रोज सकाळी चेहरा न बदलता गिळत असे. डब्यावर परदेशातल्या शेताचं सुंदर चित्र होतं. बाईंनी तो फिरवून पाहिला. "इतक्या दुरून आलंय बिचारं, थकलं असंल," त्या म्हणाल्या. "सर, तुमचं औशाला रान हाय ना? त्याचं काय करून राहिले?" बाई मूळच्या नांदेडकडच्या भोकरच्या. त्यांचं 'करून राहिले' आणि होकाराचं 'हाव' ऐकून 'व्हय' म्हणणारे आमचे लातूरकर हसत, आणि मग मुकाट्याने सांगितलेलं करत.

रान माझा थोरला भाऊ कसतो. दादाची साखर माझ्याहून जुनी. डाव्या पायाच्या करंगळीची जखम भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर आटोक्यात आली नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल. दादा गोळ्या नियमाने घेई आणि तितक्याच नियमाने चहात टोस्ट बुडवी. वर "मी काहीच खात न्हाई," असंही सांगे, कारण आमच्याकडे चहाबरोबरचं खाणं खाण्यात धरत नाहीत.

मी त्याला बाईंकडे नेलं. त्यांनी त्याला ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी लिहून दिली. "ज्वारी कुठून आणू?" दादा म्हणाला. "शिवारभर सोयाबीन हाय."

"मग येळवसला खोप कशाची करता?"

 मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात ज्वारीच्या कडब्याची खोप उभारून पूजा करायची आणि गोतावळा जेवू घालायचा, ही आमची थोर परंपरा. तिच्यासाठी लागणारा कडबा आम्ही विकत आणत होतो. "देवाला इकतचं छप्पर," बाई म्हणाल्या. "मग ताटाचं काय सांगता."

पण दादाची अडचण खरी होती. "मॅडम, एकट्यानं पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं माझ्याच रानात जेवतील. मला काय ठिवतील?" बाई विचारात पडल्या. त्यांच्या अभ्यासक्रमात पाखरांचा धडा नसावा. मग त्यांनी विचारलं, "बांधाला कोण हाय?"

बांधाला शिवाप्पा. बांध कोणी कोरला यावरून त्याची नि दादाची बोलचाल बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, की मूळ बांध कुठे होता हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी बाई एसटीने औशाला आल्या. बांधाच्या अलीकडे दादा, पलीकडे शिवाप्पा, आणि बांधावर बाई. दोघं एकमेकांशी बोलायचं ते माझ्याकडे बघून बोलत होते. मी तेवढ्यापुरता उपयोगी पडलो. "बांध कोणी कोरला ते मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "पाखरांना बांध दिसत न्हाई. दोघांनी लागून पेरा, पाखरं वाटून खातील, दोघांना उरंल." शिवाप्पा मला म्हणाला, "मी पेरतो. पर त्यो पेरणार हाय का, इचारा त्याला."

दोघांनी पेरली. बोट मात्र वाचलं नाही, ते येळवसच्या तोंडावरच गेलं. बाई दादाच्या खाटेजवळ येऊन बसल्या. "ज्वारी काही जादू न्हाई, मामा. आता पाऊल राखायचं. गोळी सोडायची न्हाई, आणि ज्वारीची हाय म्हणून चार भाकरी बी खायच्या न्हाईत." त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. दादा खाटेवर असताना पाखरं शिवाप्पाने राखली, दोन्ही रानांतली, एकाच गोफणीने. येळवसच्या संध्याकाळी तो आंबिलीचं मडकं घेऊन दवाखान्यात आला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला, "कणसं भरून आलीत. ऊठ आता."

मधल्या काळात दवाखान्यालाही भरड धान्यांचा साक्षात्कार झाला होता. चकचकीत डब्यात ज्वारीचे पोहे आले आणि प्रत्येक पेशंटला ते लिहून द्यायचं ठरलं. बाईंनी बैठकीत एवढंच विचारलं, "हे पेरलंय कुठं?" विचारून सांगतो, असं उत्तर मिळालं. अजून कोणी सांगितलेलं नाही. बाईंना मात्र शाल, श्रीफळ आणि निरोप लगोलग मिळाला. त्या नांदेडला गेल्या. मला फार चुकल्यासारखं झालं, आणि ओट्स खाऊनही ते गेलं नाही.

परवा दादाला तपासणीला नेलं. शिवाप्पा सोबत होताच. बाईंच्या खुर्चीवर नवी मुलगी होती, हातात टॅब. "काका, काय खाता?"

दादा गोंधळला. "आधी पेरलं काय ते इचार, पोरी."

मुलीने टॅबवर खालीवर शोधलं. तसला रकाना नव्हता.

"हाव," दादानेच स्वतःला उत्तर दिलं, अगदी भोकरच्या सुरात. "पेरलं. दोघांनी." आणि शिवाप्पाचा खांदा धरून त्याने चार बोटांचं पाऊल चपलेत सरकवलं.