माहितीदार चारची आई

चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त करमणूक सासूबाईंची झाली. विषय होता नागपुरात शिकायला आलेले आफ्रिकी विद्यार्थी: ते राहतात कुठे, खातात काय, आपल्या माणसांशी इतक्या लांबून कसे जोडलेले राहतात. नंदनवनातल्या आमच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसले, की पलीकडे भाजी निवडता निवडता सासूबाई विचारायच्या, "काहून वं, आफ्रिका झाली नाही काय अजून?" कणीक मळून झाली का, असं विचारावं त्याच सुरात.

समाजशास्त्राचं संशोधन लांबून भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात ते म्हणजे उन्हातान्हात लोकांच्या मागे फिरणं आणि 'आज वेळ नाही' ऐकून परत येणं. ज्यांना वेळ असायचा त्यांची उत्तरं ठरलेली: नागपूर छान आहे, लोक छान आहेत, ऊन फार आहे. टांझानियाचा मुलगा असो की नायजेरियाची मुलगी, पुढे एक शब्द नाही. त्यांचंही बरोबर होतं. घरमालक विचारणार, शेजारी विचारणार, पोलिसांत नोंदणी करायची, आणि त्यात ही एक बाई रेकॉर्डर घेऊन दारात उभी. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या मुलाखती वाचल्या आणि म्हणाले, "मॅडम, हा प्रबंध आहे का हॉटेलातली अभिप्रायाची वही?" मी चिडले. मी तशीही लवकर चिडते, आणि समोरच्याचं म्हणणं खरं असलं की जरा जास्तच.

सरांचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून पटला होता. मुलाखत देणाऱ्या कुणाचं, किंवा त्याच्या घरच्या कुणाचं नाव प्रबंधात येता कामा नये. काहींच्या देशात लढाई चालू होती. आपल्या एका ओळीमुळे तिकडे कुणाच्या घरावर संकट यायला नको. म्हणून प्रत्येकाला एक आकडा दिलेला होता. माहितीदार एक, माहितीदार दोन, असं.

माहितीदार चार ही सुदानची, भावांच्या पाठीवर आईला उतारवयात झालेली. फार्मसी शिकायला आलेली, सक्करदऱ्याला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायची. हिंदी अशी बोलायची की डोळे मिटून ऐकलं तर सीताबर्डीच्या बाजारात कुणी भाव करतंय असं वाटावं. तिला तिचा आकडा सांगितला तेव्हा ती खो खो हसली. "माँ सुनेगी तो बोलेगी, बेटी पढ़ने गई थी, नंबर बन गई!"

त्या दिवशी ती आईबद्दल बोलली ती तेवढीच. नंतर सुदानमध्ये युद्ध सुरू झालं. तिकडची फोनची लाइन आज आहे तर उद्या नाही. आईला कसला तरी जुना आजार होता, औषधं मिळत नव्हती. बाकी सगळ्यावर ती आता माझ्याशी मोकळेपणी बोलू लागली होती, पण आईचा विषय निघाला की चहा ठेवायला उठायची. मीही मग साखर कमी टाक वगैरे सांगत राहायचे.

एका सकाळी तिच्या मैत्रिणीचा निरोप आला. आई गेली. बातमी पोचेपर्यंत दफनही झालं होतं. जायचा प्रश्नच नव्हता. विमानं बंद, रस्ते बंद. ज्या गोळ्यांनी ती बाई जगली असती त्या सक्करदऱ्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत होत्या, आणि हे तिच्या फार्मसी शिकणाऱ्या मुलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी ओट्याशी उभी राहून म्हटलं, आज तिला जरा एकटीला राहू द्यावं, उद्या जाऊन येईन.

सासूबाईंनी हातातलं काम थांबवलं. "एकटीले? मयताच्या घरी कोनी कोनाले एकटं सोडते काय वं? कोन हाय तिले इथं?"

"मैत्रिणी आहेत तिच्या."

"पोरीच त्या. त्यायले काय समजते? तिले कडू घास कोन देईन?"

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयऱ्याधायऱ्यांनी आपल्या घरून अन्न न्यायचं आणि घरच्यांच्या तोंडात घालायचं, तो कडू घास. तो द्यायचा मान नात्यातल्यांचा. नातं कुठलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तोवर त्या ज्वारीचं पीठ परातीत घेऊन बसल्याही होत्या. पिठलं, भाकरी, वर फडकं बांधलेला डबा मांडीवर घेऊन त्या ऑटोत माझ्याशेजारी बसल्या.

खोलीत चटई अंथरली होती. पांढरं कापड डोक्यावरून घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. मैत्रिणी म्हणाल्या, सकाळपासून एक शब्द नाही, पाणी नाही. मी काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होते. सासूबाईंनी चपला काढल्या, सरळ जाऊन तिच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं गळा काढला, "माय वं माय, कशी गेली वं तुही माय लेकराले सोडून!" आमच्याकडे बायका अशाच भेटतात, पण ही बाई ना त्या आईला ओळखत होती, ना त्या मुलीला. मला भीती वाटली, की तिला हे भलतंच वाटेल.

आणि ती मुलगी फुटली. सासूबाईंना घट्ट धरून ती तिच्या भाषेत मोठमोठ्यानं रडली, मैत्रिणी रडल्या, मीही रडले. घरमालकीणबाई वर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच बसल्या. रडून झाल्यावर सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड उघडलं. घास गिळून ती म्हणाली, की त्यांच्याकडेही असंच असतं. बायका येतात, गळ्यात पडून रडतात, शेजारून जेवणाची ताटं येतात. इथे कुणी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. "दीदी, मशीन लेके आना."

त्या दुपारी ती फक्त आईबद्दल बोलली. ज्वारीचं पीठ आंबवून आई तव्यावर कागदासारखी पातळ भाकरी कशी पसरायची. फोनवर पहिला प्रश्न 'आज नागपूरला ऊन किती' हाच कसा असायचा. शेवटी तिनं आईचं नाव सांगितलं, मग त्याला जोडून आईच्या वडिलांचं, मग आईच्या आजोबांचं, त्यांच्याकडे सांगतात तसं. "तिच्या कबरीवर अजून दगडही नाही. कधी लागेल माहीत नाही. तुझ्या पुस्तकात हे नाव लिही," ती म्हणाली. मी लिहिते म्हटलं. ऑटोत बसल्यावर नियम आठवला.

सर बधले नाहीत. उलट तो नियम अशाच वेळेसाठी असतो म्हणाले. आईच्या नावावरून मुलगी ओळखू येईल, मुलीवरून तिकडचे भाऊ. मी वाद घातला, आवाज चढवला, दारापर्यंत गेलेसुद्धा. सर चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "मॅडम, मुलाखतीच्या प्रकरणात नाही म्हणतोय मी. ऋणनिर्देशात तुम्ही कुणाकुणाचे आभार मानता, ते कोण तुमचे, हे विद्यापीठ विचारत नाही. नुसतं नाव लिहा. बापाआज्यांची साखळी नको, देश नको." या माणसाचे मी किती आभार मानावेत ते मला अजून समजत नाही.

व्हायवाला सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि मागच्या रांगेत त्या मुलीशेजारी बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारून झाल्यावर पानं उलटत सहज विचारलं, "ऋणनिर्देशात घरच्या मंडळींमध्ये हे एक वेगळंच नाव दिसतंय. या कोण?"

"घरातल्याच," मी म्हटलं. "मोठ्या होत्या. वारल्या." सर खिडकीबाहेर बघत होते.

नंतर समोसे, चहा, फोटो. ती मुलगी प्रबंध घेऊन कोपऱ्यात उभी होती. दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेल्या देवनागरीत तिनं आईचं नाव बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. मग पुन्हा वाचलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. जिथे लिहायचं तिथे ते लिहिलेलं आहे.

सासूबाईंनी चष्मा लावून तेच पान जवळ ओढलं. "माह्यं नाव खाली काहून टाकलं वं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी त्या मुलीकडे वळून हिंदीत विचारलं, तिची आई वयानं किती होती. तिनं सांगितलं. सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मोठी हाय ते माह्याहून. वरतीच पायजे."