रोझिनाने आखलेले नऊ दिवस

ओमारुरू गावाच्या पश्चिमेला एलर्स यांचं फार्म होतं. फार्म फ्राऊ एलर्सचं, म्हणजे एलर्सबाईचं, शिकारीचे परवाने तिच्या नावावर, परदेशातून पत्रंही तिलाच यायची. पण पत्र वाचून झालं की ती ते घेऊन स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "रोझिना, पाच माणसं येतायत. शिकारी एकच. बाकीच्यांचं काय करू या?"

मग रोझिना त्सुसेब हात पुसून खुर्ची ओढायची. बियाणांच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर रकाने पाडायची आणि निळ्या पेन्सिलीने पाहुण्यांचे दिवस आखायची. कपडे धुवायला म्हणून ती या घरात आली होती. चौथ्या की पाचव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की शिकाऱ्याला फारसं काही लागत नाही. पहाटेची कॉफी, उबदार कोट आणि वारा बरोबर दिशेचा, एवढ्यावर तो खूश. बिघडतं ते बाकीच्यांमुळे. बायको तिसऱ्या दिवशी कंटाळली की पाचव्या दिवशी नवऱ्याचा नेम चुकायला लागतो. तेव्हापासून पुरुष रानात गेले की मागे राहिलेल्यांना काम असायचं: चरबीचा साबण करायचा, चुलीवर पाव भाजायचा, शेळ्यांचं दूध काढायचं, एरोंगोच्या डोंगरात कातळावरची चित्रं बघायची. आता सगळीकडे पाहुण्यांसाठी असे छापील कागद येतात, रंगीत फोटोंसह. त्यात रोझिनाच्या कागदावरची एक ओळ कधी दिसत नाही: "दुपारी काही नाही. झोपा."

तिचा नवरा हिस्किया माग काढायचा. एकतीस वर्षं पाहुण्यांच्या पुढे तोच चालत होता. आमच्याकडे पुढचा माणूस रायफल टेकवायची तीन काठ्यांची तिवई घेऊन चालतो. जनावर म्हातारं आहे, नर आहे, उभं नीट आहे, हे त्याने बघायचं आणि मगच काठ्या पाहुण्यासमोर उभ्या करायच्या. काठ्या उभ्या राहिल्याशिवाय पाहुणा, मग तो कोणीही असो, रायफल उचलत नाही.

हिस्कियाचे डोळे जाऊ लागले, हे रोझिनाला एका संध्याकाळी कळलं. कुंपणावर वाळत घातलेल्या कोटाला तो झापत होता, दारात येऊन साधा नमस्कारही करत नाहीस म्हणून.

"दवाखान्यात दाखव," ती म्हणाली.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"कोटाला शिव्या दिल्यास."

"कोट तिथे कशाला उभा होता?"

हे हसण्यावारी गेलं. पुढच्या ऑगस्टमधलं गेलं नाही. एका पाहुण्याने ओरिक्स हरणाला गोळी मारली, जनावर जखमी होऊन पळालं आणि हिस्किया मागावर निघाला. वाळक्या पानावरचं रक्त त्याला दिसेना. तो पान उचलायचा, जिभेला लावून बघायचा, पुढे जायचा. अंधार पडेपर्यंत माग हरवला. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना जनावर सापडलं तेव्हा कोल्ह्यांनी ते अर्धं संपवलं होतं. वारा फिरला होता, असं हिस्कियाने फ्राऊ एलर्सला सांगितलं. रोझिनाला खरं काय ते कळलं होतं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये प्राम्बर्गरचं पत्र आलं. ऑस्ट्रियातला हा लाकडाचा व्यापारी एकोणीस वर्षं येत होता, दर वेळी एकटा. या वेळी बायको, मुलगा आणि दोन नातींना घेऊन नऊ दिवसांसाठी येणार होता. शेवटी लिहिलं होतं: एक म्हातारा कुडू, पीळदार शिंगांचा हरणाचा नर, हवा, आणि बरोबर हिस्कियाच हवा.

रोझिना रात्रीपर्यंतही थांबली नाही. तिथेच बसून नऊच्या नऊ सकाळी भरून टाकल्या, शिकारीला एकही ठेवली नाही.

आल्यावर प्राम्बर्गरने स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला तो कागद चष्मा लावून वाचला.

"मंगळवारी साबण? रोझिना, साबण करायला मी दहा तास विमानात बसलो?"

"साबण मुली करतील. तुम्ही नुसतं ढवळायचं."

"बुधवारी कातळावरची चित्रं. ती मला आता ओळखतात."

"घरच्यांना कुठे ओळखतात?"

"आणि हिस्किया? तो कुठे आहे यात?"

"गाडीत पुढे बसेल."

हिस्किया दाराशीच उभा होता. हसला नाही. घरी आल्यावर त्याने टोपी काढून टेबलावर आपटली.

"एकसुद्धा सकाळ नाही, म्हातारे? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पाहुणे मजेत होते."

"मला एक सकाळ दे."

"आणि रक्त सांडलं तर?"

हिस्कियाने ताट बाजूला सारलं. मक्याची उकड निवत चालली होती. शेवटी रोझिना उठली, फ्राऊ एलर्सच्या मोठ्या घरात गेली आणि शुक्रवारच्या रकान्यातला पाव खोडून तिथे 'पाणवठा' असं लिहून आली. पाणवठ्यावर शिकाऱ्याने लपून बसायला दगडी लपण होतं. पाणी तिथून चाळीस पावलांवर. एवढ्या जवळून प्राम्बर्गर चुकणार नाही, असा तिचा हिशेब होता.

शुक्रवारी लपणात काय झालं ते दोघांनीही नंतर सांगितलं आणि दोघांचं एकच निघालं. नऊच्या सुमाराला हिस्कियाने मान वळवली. खडीवर खुरांचा आवाज आला होता. जड, सावकाश.

"आला," तो म्हणाला.

प्राम्बर्गरला तो दिसत होता. कुडू, मानेखाली लांब केस, शिंगांना अडीच पीळ. जनावर आडवं उभं राहून पाणी प्यायला लागलं. प्राम्बर्गर काठ्यांची वाट बघत होता. काठ्या हिस्कियाच्या मांडीवर होत्या.

"लाव ना," प्राम्बर्गर कुजबुजला.

"मला दिसत नाही, प्राम्बर्गरसाहेब."

"हा काय, समोर."

"समोर आहे ते कळतं. दिसत नाही. दोन वर्षं झाली."

प्राम्बर्गर कुडूकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मी मारला आणि तो तिथे पडला नाही तर?"

"तर माग काढणारा कोणी नाही."

प्राम्बर्गरने आवाज न करता रायफलीतली गोळी काढून खिशात टाकली. कुडूचं पाणी पिऊन होईपर्यंत दोघं बसून राहिले. शिंगांची टोकं पांढरी झालीत का, असं हिस्कियाने विचारलं. झालीत, प्राम्बर्गर म्हणाला.

परतल्यावर, उशिराच्या नाश्त्याला, हिस्कियाने फ्राऊ एलर्ससमोर उभं राहून स्वतःच सगळं सांगितलं.

"म्हणजे तो ओरिक्स..." ती म्हणाली.

"हो. वारा फिरला नव्हता."

तिने कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेली. सोमवारपासून काठ्या गेर्सन नावाच्या दुसऱ्या माणसाकडे गेल्या. ऑक्टोबरात विंडहुकला हिस्कियाच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दिसायला लागलं, पण काठ्या त्याने पुन्हा मागितल्या नाहीत.

त्या शुक्रवारी मात्र रोझिना कागदापुढे गेली आणि तिने शनिवारचा रकाना पुसून नव्याने लिहिला. पाहुण्यांना समुद्र दाखवायला स्वाकोपमुंडला न्यायचं. गाडीत दोन जागा उरत होत्या. एकतीस वर्षांत हिस्कियाला शिकारीच्या हंगामातला एकही शनिवार मोकळा मिळाला नव्हता. समुद्र त्याने पाहिला नव्हता, रोझिनानेही.

शनिवारी दुपारी हिस्किया विजार गुडघ्यापर्यंत दुमडून थंडगार पाण्यात उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून.

"म्हातारे, पलीकडचा काठ दिसतो का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"अरे, कोणालाच दिसत नाही."

"बरं," हिस्किया म्हणाला आणि आणखी दोन पावलं आत गेला.