काकीला लांब नळीचीच हवी

बंदूक घ्यायचीच झाली, तर तुम्ही कोणती घ्याल? शर्टाखाली कमरेला लपून राहणारी, की खांद्यावर टाकली की अख्ख्या वाडीला दिसणारी?

"बंदूकच नको" असं म्हणून सुटायला बघू नका. कणकवलीला कॉलेजात असताना मी तेच म्हटलं होतं, आणि नुसतं म्हटलं नव्हतं, छापलं होतं. आमच्या घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा चळवळीतले. खाणीविरुद्धची, मच्छीमारांची, धरणग्रस्तांची पत्रकं माळ्यावर गठ्ठ्यांनी पडलेली असायची, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. त्यामुळे काही खटकलं की माझ्या डोक्यात आधी मथळा येतो. तेव्हा आला होता: "सगळे शस्त्रपरवाने रद्द करा!" त्याची एक प्रत मी मोठ्या काकांच्या हातात दिली.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आचऱ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याला आमची नारळी-सुपारीची बाग आहे. ती काका आणि काकी बघायचे. आमच्या वाडीत परवान्याची बंदूक एकट्या काकांकडे होती. एकनळी, लाकडी दस्त्याची, शेतीच्या संरक्षणासाठी आजोबांच्या काळापासून चालत आलेली. काकांनी पत्रक उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"बरा लिवलंस," ते म्हणाले. "आता ह्या माकडांका कोण वाचून दाखयतलो गो?"

काकी मागल्या दारी मासे साफ करत होती. ती इतकी हसली की मांजराने तेवढ्यात एक बांगडा पळवला.

मला बंदूक आजही आवडत नाही. तरी त्या बंदुकीची मला आठवण येते, आणि या दोन गोष्टी एकाच मनात कशा राहतात ते मला सांगता येत नाही. सकाळी चहा झाला की काका फेरीला निघायचे. वहाणा घालायचे नाहीत. बंदूक खांद्यावर, नळी आभाळाकडे. वाटेत प्रत्येक माडाच्या बुंध्यावर हात टेकून वर बघायचे. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला पोचले की आभाळात एक बार काढायचे. बस्स, एकच. त्यात कुणी मरत नसे. "माकडाक मारूचा नसता, सांगूचा असता," असं ते म्हणत. बार डोंगरावर आपटून परत यायचा, आणि तो विरायच्या आत पलीकडून दुसरा यायचा. व्हाळापलीकडे एक ख्रिस्ती आजोबा राहायचे, त्यांच्याकडेही तसलीच बंदूक.

"आज तुझो बार ओलो होतो रे!" ते तिकडून ओरडायचे.

"आणि तुझो? म्हातारो खोकलो तसो वाटलो!" इकडून काका.

मग दोघं आपापल्या घरी जाऊन पेज जेवायचे. मी सुट्टीला गेले की त्या आवाजाने जागी व्हायचे आणि पुन्हा झोपायचे. बार झाला म्हणजे सगळं ठीक आहे, काका व्हाळावर आहेत, काकीने पेज उतरवली आहे, एवढं त्यातून कळायचं. आता मी शहरात खोली घेऊन राहते, गजराने उठते, आणि उठल्यावर कोण कुठे आहे ते काही कळत नाही.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. परवानेदारांना तसा हुकूमच येतो. तेव्हा काका खांद्यावर बांबू टाकून फेरी मारायचे. माकडं फसायची. त्यांना लांब, सरळ, खांद्यावरून मागे गेलेली वस्तू दिसली की पुरे. ती सुपारीच्या शेंड्यांवरून उड्या मारत डोंगरात पसार. एरवी आमची माकडं भलती हुशार. बाई बागेत आली तर ढिम्म हलत नाहीत, हे कोकणात कुणालाही विचारा. मला त्याचा विलक्षण राग यायचा. काकी म्हणायची, "माका बघून ती धावतत खंय? वळख दाखवतत."

मग हायवे रुंद झाला आणि जमिनींना भाव आला. काका आधी एका ओळखीच्या माणसाची जागा दाखवायला गेले, मग दुसऱ्याची, आणि बघता बघता कणकवलीला त्यांचं ऑफिस झालं. पांढरा शर्ट आला, गाडी आली. गाडी वाडीबाहेर गेल्याचा आवाज आला की माकडं डोंगरातून उतरत. बंदूक माजघरात खुंटीला. बाग काकीकडे.

एका जागेच्या व्यवहारावरून कुणीतरी काकांना फोनवर धमकी दिली. त्या धंद्यात बहुतेकांच्या कमरेला असतं म्हणे, तसं मग काकांनाही हवं झालं. रिव्हॉल्वर. स्वसंरक्षणासाठी. कायद्याने दोन्ही हत्यारं ठेवता आली असती, पण काकांना लांब बंदूक नकोशी झाली होती. ती गाडीत नीट राहत नाही, दोन्हींचं नूतनीकरण करत बसायचं, दर निवडणुकीला दोन्ही जमा करायची. खरं कारण त्यांनी जेवताना सांगितलं: बंदूक खांद्यावर घेतलेला माणूस दुसऱ्याच्या बागेचा राखण्या वाटतो.

काकी भात वाढत होती. ती म्हणाली, "तुमका कमरेची होयी तर घेवा. ही माझ्या नावार करा."

"तुझ्या? आणि काय करतलंस तिका? कुंकू लावन पूजा?"

"ती दसऱ्याक करतंयच. आता सकाळची फेरी करतलंय."

"बायलमाणूस खांद्यार बंदूक टाकून फिरतली? लोक काय म्हणतले माका?"

"म्हणतले, घोव हापिसात गेलो."

मी मध्ये पडले. बाग कोण बघतं, पाणी कोण सोडतं, मग हत्यार कोणाचं, असं बरंच काही बोलले. काकांनी शांतपणे माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"तू गप. तुझ्या पत्रकात सगळेच परवाने रद्द होते मां?"

"होते," मी म्हटलं. "लपवायच्या हत्यारांचे आधी."

या वाक्यावर मी आजही ठाम आहे. लांब बंदूक घेऊन माणूस घराबाहेर पडला की तो कुठे चालला, कशाला चालला, हे अख्खा गाव बघतो. बार कुणाचा, हे व्हाळापलीकडे कळतं. ती चुकीच्या दिशेला वळली तर दहा तोंडं विचारतील. कमरेच्या हत्याराला कुणी काही विचारू शकत नाही, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नसतं. आणि डुकरावर, माकडावर, गव्यावर ते कुणी रोखत नाही. ते फक्त माणसासाठी बनलेलं आहे. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या बंदुका कमी होत चालल्या आणि जमीन विकणाऱ्याच्या कमरा जड होत चालल्या, याचं दुःख करणारं पत्रक मी अजून कुठे वाचलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पण काकांनी ऐकलं नाही. एकनळी रीतसर विक्रेत्याकडे गेली. गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागल्या सीटवर आडवी ठेवली. काकी ओटीवरून बघत होती. आजारी माणसाला नेतात तशी नेली, असं ती नंतर मला म्हणाली.

रिव्हॉल्वर आल्यावर एका रविवारी काकांचे दोन भागीदार जेवायला आले. सोलकढी होईपर्यंत मंडळी बागेत फिरायला निघाली. माडावर माकडांचा कळप, शहाळी कुरतडून टाकणं चालूच. काकांनी शर्ट वर केला, रिव्हॉल्वर काढलं आणि हात उंच करून हलवलं. माकडांनी खाली बघितलं. एकाने मान वाकडी करून नीट बघितलं. मग अर्धं खाल्लेलं शहाळं एका भागीदाराच्या बुटाशी धपकन पडलं.

"अहो, त्यांना वाटतंय तुम्ही फोटो काढताय!" तो म्हणाला.

बार काढायची सोय नव्हती. त्या हत्याराच्या एकेका गोळीचा जाब द्यावा लागतो. काका हात वर करून तसेच उभे. तेवढ्यात मागल्या बाजूने काकी आली. काकांचा जुना खाकी शर्ट लुगड्यावर चढवलेला, डोक्याला पंचा, खांद्यावर बांबू. ती काकांसारखी चालली, पाय जरा फाकून, सावकाश. माड एकदम हलले. कळप डोंगरात.

"माझो शर्ट तुका खंय गावलो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही टाकलात. माका लागता."

तो शर्ट आणि तो बांबू काही काळ बाग सांभाळून गेले. मला त्यात मजा वाटायची. मी शहरात मैत्रिणींना ती गोष्ट रंगवून सांगायचे. पण माकडांच्या टोळीत नवी पिल्लं येत होती, आणि त्यांनी एकनळीचा बार कधी ऐकलाच नव्हता. पलीकडचे आजोबाही लेकीकडे गोव्याला गेले, तिथेच वारले. आता व्हाळावर दोन्ही बाजूंनी शांत. गेल्या हिवाळ्यात मी काकीबरोबर बागेत गेले होते. पोटाशी पिल्लू धरलेली एक माकडीण केळीवर बसली होती. काकी तोच खाकी शर्ट चढवून, बांबू खांद्यावर घेऊन अगदी जवळ गेली. माकडिणीने तिच्याकडे बघितलं, बांबूकडे बघितलं, आणि केळं सोलायला घेतलं. पिल्लू तर बघेचना.

काकीने बांबू खाली टेकवला. "इसारली," ती म्हणाली.

मला तेव्हा रडू आलं, आणि ते केळ्यांसाठी नव्हतं. बुंध्यावर हात टेकत चालणारा तो अनवाणी माणूस त्या जनावरांच्या डोक्यात इतके दिवस फेरी मारत होता. आता तिथूनही तो गेला. जे काका आहेत ते संध्याकाळी घरी येतात, भिंतीला पाठ लावून, रस्ता दिसेल असे ओटीवर बसतात. गाडीचा आवाज झाला की, "कोण ता?" बागेत उतरत नाहीत. मला ते जवळ बसलेले असतानाही त्यांची आठवण येते.

काकीने या वर्षी केळी लावली नाही. पण तिने स्वतःच्या नावाने परवाना मागितला. एकनळीच. जिल्ह्याच्या कचेरीत मी तिच्यासोबत गेले होते. तिथे काकी शुद्ध मराठी बोलते, देवळात पदर घेते तशी.

"बाई, बायकांना पिस्तूल बरं," टेबलापलीकडचा गृहस्थ म्हणाला. "हलकं असतं, पर्समध्ये राहतं."

"साहेब, पर्समध्ये माकडं येत नाहीत."

"अहो, माणसांपासूनही संरक्षण लागतं ना?"

काकीचं शुद्ध मराठी तिथे संपलं. "माणसांका मी तोंडानच बघून घेतंय."

तो हसला आणि अर्ज घेतला. अर्ज आता अडला आहे तो एकाच जागी. बाग काकांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांची संमती लागते. काका नाही म्हणत नाहीत. "बघूया" म्हणतात. काकी दुसऱ्यांदा विचारत नाही, पण जेवताना संमतीचा कागद पाण्याच्या तांब्याखाली ठेवते, म्हणजे उडायला नको.

माझे काका तुम्हाला सापडणार नाहीत, मी नाव दिलेलं नाही. पण जमीन आपल्या नावावर ठेवून ती बाईच्या हातांवर सोडून गेलेला एकजण तुमच्याही घरात असेल. तो बाप असेल, भाऊ असेल, कदाचित तुम्हीच असाल. राबणारी बाई तिला लागणारं काही मागत असेल: बंदूक, पंप, सातबाऱ्यावर नाव. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा त्याच्यासमोर तो कागद ठेवा आणि सही होईपर्यंत उठू नका. पेन तुम्हीच घेऊन जा. "पेन खंय आसा?" हे आमच्याकडे दोनदा विचारून झालं आहे.