देवघरातली रोमन राणी

भुतंखेतं, चमत्कार... माझा कशावर म्हणून विश्वास नव्हता हो. पूजा करते, ती सवय म्हणून. पण हे घडलं भर सकाळी, ऑकलंडला, माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात.

सूनबाई केतकी पोटुशी, दिवस भरत आलेले. आणि बाळ पायाळू — डोकं वर, पाय खाली. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. केतकीला त्याची भयंकर धास्ती. "आई, पोट कापू देऊ नका ना!" म्हणायची... जसं काही माझ्याच हातात होतं!

आमच्या देवघरात सासूबाईंची सोन्याची पुतळी आहे, जुन्या माळेतली एकच उरलेली. तिच्यावर अंबाडा घातलेली बाई — आमची लक्ष्मी. रोज आंघोळ घालायची, तांदळावर ठेवायची, कुंकू लावायचं. एक दिवस केतकीने तिचा फोटो काढून फोनवर शोधलं आणि खो खो हसत सुटली.

"आई, ही लक्ष्मी नाहीच! रोमच्या बादशहाची बायको आहे. नाणं आहे हे! देवी मागे आहे, बघा... कडेवर बाळ. लेकुरवाळी देवी, आणि तुम्ही तिला इतकी वर्षं पालथी घातलीत!"

"असू दे. सासूबाईंनी राणी पुजली, मीही पुजणार," मी ठसक्यात म्हटलं. राणीच वर ठेवली, कुंकू लावलं, देवघराचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर... देवी वर! कडेवर बाळ घेऊन, लख्ख. उचलून पाहिलं, तर राणीचं कुंकू खालच्या तांदळाला लागलेलं. मुलगा कामासाठी हॅमिल्टनला. देवघर जमिनीलगत, आणि केतकीच्या पायात जँडल्ससुद्धा, म्हणजे इथल्या साध्या चपला, मीच घालत होते. ती कुठली वाकतेय?

तेवढ्यात केतकीला तपासायला मिडवाइफ, म्हणजे इथली सुईण, आली. "किआ ओरा, नॅनी!" म्हणजे नमस्कार, आजी. केतकीचं पोट चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं.

"चीकी बेबी! डोकं खाली आलंय!"

स्कॅनमध्येही तेच. ऑपरेशन रद्द! केतकी रडत हसत होती, मी नुसतीच नाचत होते.

मिडवाइफ म्हणते, "हीप्स ऑफ बेबीज टर्न, नॅनी." पुष्कळ बाळं अशी आपणहून फिरतात म्हणे. असेल. केतकी म्हणते, "आई, तुम्हीच झोपेत उलटवलं असणार." तेही असेल... पण पूजेलाही मी भिंत धरून कशीबशी जमिनीवर बसते, झोपेत माझे गुडघे मला बसू देतील का हो?

मला काही कळलेलं नाही. नात मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय. दुसऱ्या हाताचं बोट तिने घट्ट धरलंय, सोडत नाहीये.