अजून थोडं आवळू का?

रात्रभर घोंगावणारं वारं पहाटे पडलं आणि सकाळ कोरडी, कडक थंडीची उजाडली. लोखंडाला हात लावला की बोटं आखडत होती. अशा थंडीत शहाणी माणसं पांघरुणात तोंड खुपसून पडतात. माझा मामा मात्र खुशीत होता. त्याला गाडीचं इंजिन गार हवं होतं, आणि आज ते त्याच्या मेहुणीच्या नजरेइतकं गार पडलं होतं.

मामाची ओळख त्याच्या हातांपासून करून द्यावी लागते. उभी हयात कारखान्याच्या पॅकिंग खात्यात गेली. लाकडी खोक्यांना लोखंडी पट्ट्या आवळायच्या, एवढंच काम. त्याने बांधलेलं खोकं वाटेत कधी उघडलं नाही, आणि मुक्कामाला पोचल्यावरही सुखासुखी उघडलं नाही. मामा निवृत्त झाला, हात काही झाले नाहीत. त्याने बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला सुटत नाही. त्याने झाकण लावलं की मामी ती बरणी काखोटीला मारून घरभर त्याला शोधत फिरते. कुठलीही गोष्ट घट्ट बसली की तो क्षणभर थांबतो, मान तिरकी करतो आणि पुटपुटतो, “अजून थोडं.” गल्लीत सगळे त्याला ‘अजूनथोडं’ म्हणूनच ओळखतात. दूधवालासुद्धा.

गाडी जुनी. तिचा मूळ रंग कुठला, यावर घरात दोन तट आहेत. मागच्या खेपेला मामीच्या थोरल्या बहिणीला स्टेशनवरून आणताना ऐन चढावर बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. या ताई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अजूनही समोरच्या माणसाला न विचारता गुण देतात. त्या रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या, “काही नाही, आमच्या भावजींचा चहा उकळतोय.”

घरी आल्यावर मामीने निकाल दिला. “पुढच्या वेळी ताईसमोर वाफ दिसली, की दुसऱ्या दिवशी भंगारवाला.” मामी आवाज चढवत नाही, म्हणूनच मामा तिचं बोलणं खरं धरतो. आणि आज दुपारच्या गाडीने ताई येणार होत्या.

पाणी झिरपत होतं रेडिएटरच्या वरच्या पाइपाच्या तोंडाशी, हे मामाने शोधून काढलं होतं. दोष पाइप आवळून धरणाऱ्या क्लिपांचा, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. त्याने रेडिएटरमधलं हिरवट पाणी खाली काढायला घेतलं.

“ही बादली कुणाची?” मामी दारातून म्हणाली.

“जुनी होती गं.”

“माझी होती.”

“आता गाडीची आहे. विषारी पाणी असतं हे, ती परत घरात घ्यायची नाही.”

“विचारून तरी विषारी करायची!” म्हणत मामी अंगणात धुणं वाळत घालायला गेली.

जुन्या क्लिपा स्प्रिंगच्या. पोलादी कडं आणि त्याला दोन कान. कान पकडीत दाबले की कडं सैल होऊन पाइपावरून मागे सरकतं. पहिलीने मुकाट्याने जागा सोडली. दुसरीचे कान मामाने दाबले, अजून थोडे दाबले, पकड निसटली आणि क्लिप टण्णकन उडून कुठेतरी गेली.

“लागली असती की कुणाला!” मामी अंगणातून म्हणाली.

“गेली ती बरी गेली. नुसते कान दाबून ऐकणाऱ्या वस्तूंवर माझा भरवसा नाही.”

त्याचा भरवसा होता स्क्रूवाल्या नव्या क्लिपांवर. स्क्रू फिरवत जावं तशी पट्टी आवळत जाते. मामाच्या हाताला आणखी काय पाहिजे? त्याने पाइपाची दोन्ही तोंडं बसवली आणि स्क्रू पिळले. क्लिपा घट्ट बसल्या. मामाने मान तिरकी केली. “अजून थोडं.” पट्टीच्या कडा रबरात रुतल्या.

पाणी भरून त्याने गाडी चालू केली. इंजिन तापलं, पाइप फुगला आणि क्लिपेच्या कडेने थेंब टपकू लागले. पट्टीने रबर चक्क कापलं होतं.

मामा पायरीवर जाऊन बसला. बिघडलेल्या गाडीसमोर तो कधी बसत नाही. मामीच्या ते लक्षात आलं असावं. ती जवळ आली आणि मूठ उघडून म्हणाली, “तुमच्या गाडीची बांगडी. वाळत घातलेल्या तुमच्याच सदऱ्याच्या बाहीत सापडली.”

मामाने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

“हिला स्क्रू कुठाय?” मामीने विचारलं.

“नसतो. स्प्रिंग आहे ती. पाइप फुगला की आपली आपण पसरते, आकसला की आवळते.”

“म्हणजे तुम्हाला काहीच पिळायला नको?”

“काहीच नाही,” मामा म्हणाला. अपमान झाल्यासारखा.

“मग हीच लावा.”

इंजिन गार होईपर्यंत मामा धुसफुसत फेऱ्या मारत होता. मग पाइप काढून त्याने कापलेला तुकडा छाटला. पाइप लांबीला सढळ होता, चालून गेलं. रेडिएटरचं तोंड नीट बघितलं तर त्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर. म्हणजे गळती त्या थरामुळे होती, क्लिपा बिचाऱ्या उगाच बदनाम. त्याने तोंड घासून लख्ख केलं, पाइप चढवला आणि दोन्ही जुन्या क्लिपा कान दाबून जागेवर सोडल्या. त्या गप्पकन बसल्या.

“अजून थो...” म्हणत हात पुढे आला. पिळायला काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

“झालं,” मामी म्हणाली. “हात धुवा, स्टेशनवर जायचंय.”

ताई गाडीत पुढे बसल्या. ऊन नाही, पाऊस नाही, तरी मांडीवर छत्री.

“ही कशाला, ताई?” मामाने विचारलं.

“वाफेसाठी.”

चढ लागला. तापमानाचा काटा वर सरकू लागला. मामाचा एक डोळा रस्त्यावर, दुसरा काट्यावर, आणि बोटं स्टिअरिंगवर न दिसणारा स्क्रू पिळत होती. ताई छत्रीच्या मुठीशी चाळा करत बॉनेटकडे टक लावून होत्या. मागच्या सीटवर मामीने श्वास रोखून धरला होता. तिला वाफ हवी होती की नको, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. गाडी कुरकुरत माथ्यावर पोचली.

“भावजी, आज चहा नाही वाटतं?” ताई जरा हिरमुसूनच म्हणाल्या.

“घरी गेल्यावर, ताई.”

“आणि भंगारवाल्याचं काय गं?” ताईंनी मान वळवून बहिणीला विचारलं.

“बोलावणार आहे की उद्या,” मामी म्हणाली. “बादली द्यायची आहे.”

घरी येऊन मामीने चहाचं आधण ठेवलं. ताईंनी मदत म्हणून साखरेची बरणी काढली, झाकणाशी झटल्या, पदर गुंडाळून झटल्या, शेवटी ती टेबलावर आपटली.

“अहो!” मामीने आतून हाक मारली.

मामा आला. त्याने एका हिसक्यात झाकण काढलं, मामीने साखर घेतली, आणि बरणी त्याच्याच हातात राहिली. त्याने झाकण लावलं, फिरवलं, आणि मान तिरकी केली.