फेकलेली चप्पल
बायको चिंचेच्या कोळाने पितळेची ट्रॉफी घासायला बसली, की त्या आंबट वासाबरोबर मला वडशाच्या बसस्टँडवरची चहाची टपरी आठवते. आदल्या दिवशी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पुरस्कार झाले होते आणि उत्कृष्ट खलनायक मी ठरलो होतो. आमच्याच मंडळाच्या दुसऱ्या नाटकातला खलनायक, माझा जुना सोबती, शेजारी चहा फुंकत बसला होता. तोंडाला रंग नव्हता, कानांना मफलर होते, म्हणून समोरच्या बाकावर निकालावरून भांडणाऱ्या नाटकवेड्यांनी आम्हाला ओळखलं नाही. "त्याले काऊन देलं भाऊ? निस्ता बोंबलते तो," एक म्हातारा माझ्याबद्दल म्हणाला. त्याच्यासोबतची बाई तर माझ्या सोबत्याच्या आठवणीने तावातच आली. "अन् तो दुसरा! असा राग आला मले, का चप्पलच फेकून मारली. खेळ झाल्यावर हात जोडून त्यानंच आणून देली." आमच्या भागात खलनायकाला याहून मोठं बक्षीस नाही. मला कधी कुणी साधा खडाही मारला नव्हता. मांडीवरची ट्रॉफी मी शालीत आणखी गुंडाळली. तेवढ्यात सोबतीच म्हणाला, "नाई बाई, ज्याले भेटलं तो बी कसलेला आहे." त्याच्या या चांगुलपणाने मी जास्तच जळलो. पुढच्या हंगामात मी मंडळाच्या मालकांना सांगितलं, तो असेल तर मी नाही. त्याला काढलं. कोणामुळे, हे त्याला अजून ठाऊक नाही. आता हे वाचून त्याने चप्पल फेकली, तर मीही ती हात जोडून नेऊन देईन.